मदत हवी आहे: नारळ खवणारे सीएनसी (संगणक-नियंत्रित) यंत्र

सप्रेम नमस्कार. ठाण्यात वागळे इस्टेटजवळच्या भंगारवाल्याकडून आणलेल्या तीन नेमा १७ स्टेपर मोटरी (ठरावीक टप्प्यांनी फिरणाऱ्या), आर्डुइनो ऊनो हा छोटा नियंत्रक बोर्ड आणि त्यावर चालणारी, मोटरींना आज्ञा देणारी जीआरबीएल ही प्रणाली यांच्या आधारे मी नारळाची वाटी खवणारे सीएनसी मिलिंग (फिरत्या कटरने कापणारे) यंत्र बांधत आहे. (विळीवर हे काम पाच मिनिटांत होते, हे आईचे मत मी विचारात घेतलेले नाही.) वाटी फिरवण्यासाठी वाय अक्षाची मोटर वापरली आहे, मात्र कोणतीही वाटी अचूक गोल नसल्याने कटर कधी हवेतच फिरतो, तर कधी करवंटीचा भुगा खोबऱ्यात मिसळतो. ओल्या खोबऱ्यातून थोडीफार वीज वाहत असल्याने जी३८.२ आज्ञेने प्रोबिंग करून (म्हणजे टोक वाटीला टेकून विद्युत संपर्क होताच ती जागा नोंदवून) पृष्ठभागाचा नकाशा घेता येईल का, की स्प्रिंगवर तरंगता कटर बरा? तसेच तडा न जाता वाटी चकमध्ये (फिरणारी वस्तू पकडणाऱ्या जबड्यात) कशी धरावी?