शॅमेलिऑनला जिवंत किडे कसे भरवावेत : मोकळे सोडून, डब्यातून की चिमट्याने? (मदत हवी आहे)

नमस्कार मंडळी,

मी भुसावळला राहतो. माझ्याकडे व्हेल्ड जातीचा, साधारण पाच महिन्यांचा नर शॅमेलिऑन (रंग बदलणारा सरडा) आहे. ही जात मूळची येमेन आणि सौदी अरेबियातील असून त्याची केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाच्या ‘परिवेश’ पोर्टलवर रीतसर नोंदणी केलेली आहे. हे आधीच स्पष्ट करतो, कारण आपल्या रानात आढळणारा देशी शॅमेलिऑन वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ अन्वये संरक्षित आहे. तो पकडणे किंवा घरी पाळणे गुन्हा आहे, आणि हा धागा वाचून कोणी तो विचार मनात आणू नये अशी कळकळीची विनंती आहे.

प्रश्न खाऊ घालण्याच्या पद्धतीचा आहे. त्याचा मुख्य आहार रातकिडे हाच आहे. किडा त्याच्या दोन डोळ्यांमधील अंतरापेक्षा रुंद नसावा, हा नियम मी पाळतो. रातकिड्यांना एक-दोन दिवस आधीपासून शेवग्याचा पाला आणि गाजर खायला देतो, कारण त्यांच्या पोटात जे असेल तेच शेवटी शॅमेलिऑनच्या पोटात जाते. रातकिड्यांत फॉस्फरस भरपूर आणि कॅल्शियम फारच कमी असते, म्हणून भरवण्याच्या आधी त्यांना कॅल्शियमच्या भुकटीत घोळवावे लागते. ही भुकटी कमी पडत राहिली तर हाडे मऊ होतात, पाय वाकतात आणि पुढे जीभही नीट सुटत नाही.

सध्या मी किडे जाळीच्या पिंजऱ्यात मोकळे सोडतो. तो फांद्यांवरून हळूहळू सरकत, दोन डोळे दोन दिशांना फिरवत भक्ष्य शोधतो आणि शिकार करतो, आणि त्या हालचालीने त्याला व्यायाम होतो हे उघड आहे. तरीही दोन गोष्टी मला खटकतात. पहिली म्हणजे सोडलेला रातकिडा पानाआड बसून आपल्या लांब मिशा एकेक करून तोंडातून ओढत पुसत राहतो, आणि तो शॅमेलिऑनच्या नजरेस पडेपर्यंत अंगावरची बरीचशी भुकटी निघून गेलेली असते. दुसरी अधिक गंभीर आहे. काही किडे कुंडीच्या मातीत शिरतात आणि दिवे बंद झाल्यावर बाहेर येतात. उपाशी रातकिडे झोपलेल्या शॅमेलिऑनला चावतात, हे मी शॅमेलिऑन पाळणाऱ्या अनुभवी लोकांकडून ऐकले आहे. मातीवर मोठे गोटे पसरून ठेवले, तरी सगळे किडे सापडतातच असे नाही. त्यामुळे त्याने नेमके किती खाल्ले याचा हिशेबही लागत नाही, आणि पुढे वाढीचे वय सरत आल्यावर रोजचे खाणे एक दिवसाआड करायचे असल्याने तो हिशेब मला हवाच आहे.

म्हणून मी डब्याकडे वळण्याचा विचार करत आहे. ऊब देणाऱ्या दिव्याखालील फांदीपासून जिभेच्या टप्प्यात, थोड्या खालच्या बाजूला खोल डबा टांगायचा आणि किड्यांना वर चढून दिसता यावे म्हणून आतल्या मागच्या बाजूला जाळी लावायची, अशी रचना सुचवली जाते. पारदर्शक डबा लावून पाहिला तेव्हा त्याने बाहेरूनच जीभ मारली आणि प्लास्टिकवर टप्प असा आवाज झाला. तो डबा मी लगेच काढला. अपारदर्शक डब्यात किडा तळाशी स्थिर बसला की याचे तिकडे लक्षच जात नाही, कारण भक्ष्य हलल्याशिवाय तो त्याकडे पाहत नाही.

चिमट्याने भरवणे मला नेहमीसाठी योग्य वाटत नाही. धातूच्या टोकावर जीभ आपटण्याची भीती असते आणि माणूस समोर उभा राहिला की तो काळवंडतो, म्हणजे त्याला ताण येत असावा.

यात आपल्या भागाच्या अडचणी वेगळ्या आहेत. मे महिन्यात जळगाव-भुसावळकडे पारा ४५ अंशांच्या घरात जातो, तेव्हा कुरिअरने मागवलेले रातकिडे वाटेतच मरतात. अशा वेळी शेताच्या बांधावरचे नाकतोडे धरून आणावेत असा सल्ला अनेक जण आपुलकीने देतात, पण कपाशीवर आणि केळीच्या बागांत फवारणी कुठे आणि केव्हा झाली हे बाहेरून कळत नाही, त्यामुळे ते मी कटाक्षाने टाळतो. रुईवर बसणारा रंगीबेरंगी नाकतोडा तर फवारणी नसलेल्या पडीक जागेवरचाही चालणार नाही, कारण रुईच्या चिकातील विष त्याच्या शरीरात साठलेले असते. काजवेही विषारीच. त्यामुळे घरीच रातकिड्यांची पैदास करणे हाच मार्ग दिसतो.

माझा कल असा आहे की रोजचे खाणे डब्यातून द्यावे आणि आठवड्यातून एखाद्या सकाळी, मी स्वतः समोर असताना, मोजके किडे एकेक करून मोकळे सोडावेत. ज्यांनी व्हेल्ड शॅमेलिऑन बरीच वर्षे सांभाळला आहे, त्यांना हे पटते का? डब्याची सवय लावताना सुरुवातीला कोणता किडा ठेवावा? सतत वळवळणाऱ्या रेशीमकिड्याच्या अळ्यांनी त्याचे लक्ष वेधले जाईल असे मला वाटते. धुळे, जळगाव किंवा नंदुरबारकडे तुतीची लागवड करून रेशीमकिडे पाळणारे कोणी असल्यास, औषध न मारलेल्या तुतीवरच्या अळ्या थोड्या प्रमाणात मिळू शकतील का? नव्या डब्याकडे त्याने पाठ फिरवली, तर या वयात किती दिवस वाट पाहून पुन्हा मोकळे किडे द्यावेत, हेही कृपया सांगावे. सरीसृपांचा अनुभव असलेले पशुवैद्य मला जवळपास मिळालेले नाहीत, म्हणून खाण्यात खंड पडण्याआधीच विचारून घेत आहे. रातकिडे उन्हाळ्यात कसे टिकवता, हे खानदेशातील कोणी स्वतः करत असल्यास अवश्य लिहावे. कूलरच्या दमट हवेत माझ्या खोक्यातील किडे मरू लागतात आणि कूलर बंद ठेवला तर खोली तापते.