व्हाइट आयपीए : धण्यांचा वास कुठे संपतो आणि हॉप्सचा कुठे सुरू होतो?

वाळूजकर (प्रश्न)
नमस्कार मंडळी. वाळूज आणि चिकलठाण्याला बिअरचे कारखाने असलेल्या शहरात आयुष्य गेल्यामुळे माझी जीभ लागरवरच, म्हणजे थंडाव्यात आंबवलेल्या नेहमीच्या हलक्या बिअरवरच, तयार झालेली आहे. गेल्या आठवड्यात भाच्याने पुण्याहून एका छोट्या ब्रुअरीच्या व्हाइट आयपीएचे दोन कॅन आणले. बेल्जियमची गव्हाची विटबिअर आणि भरपूर हॉप्स (बिअरला कडवटपणा आणि सुगंध देणारी फुले) घातलेली आयपीए (इंडिया पेल एल) यांचा हा संकर असल्याचे त्याने सांगितले. पेला नाकाशी नेताच कुटलेल्या धण्यांचा आणि मागून संत्र्याच्या सालीचा वास आला, पहिला घोटही मऊ लागला. पण गिळल्यावर लवंग चावल्यासारखा, घसा धरणारा कडवटपणा बराच वेळ रेंगाळला. हे या शैलीचे लक्षण समजावे, की बिअर बिघडली होती? आणि चाखताना दोन शैली वेगळ्या ओळखाव्यात कशा?

लातूरकर
लवंग बिघाडाची नव्हे, यीस्टची खूण आहे. बेल्जियन यीस्ट धान्यातल्या फेरुलिक आम्लापासून लवंगेच्या वासाचे द्रव्य तयार करते. साध्या विटबिअरचा कडवटपणा ८ ते २० आयबीयू (कडवटपणा मोजण्याचे एकक) एवढाच असल्यामुळे तिथे ही लवंग सौम्य लागते. व्हाइट आयपीएमध्ये तोच आकडा ४० ते ७० पर्यंत जातो आणि मग लवंग व हॉप्स एकमेकांना चढवतात. हा संकर फसतो तो बहुधा इथेच.

धण्यांचे मात्र उलटे आहे. धण्यांच्या तेलात सर्वाधिक वाटा लिनालूलचा असतो आणि हॉप्सच्या सुगंधातही लिनालूल महत्त्वाचे असते, म्हणजे दोन्ही शैलींचा सांधा मुळातच तिथे जुळलेला आहे. काळ्या मसाल्यासाठी धणे भाजणाऱ्या आपल्या घरांत हा वास वेगळा शिकवावा लागत नाही. चार धणे ठेचून वाटीत ठेवावेत, आधी वाटीचा आणि मग पेल्याचा वास घ्यावा. धणे वजा जाता जे पपनसासारखे किंवा राळेसारखे उरेल, ते हॉप्सचे.

परळीकर
लातूरकरांचे यीस्टबद्दलचे म्हणणे मान्य, परंतु सगळा दोष कृतीवर ढकलण्याची घाई नको. हॉप्सचा सुगंध उष्णतेने लवकर उतरतो आणि कडवटपणा त्या मानाने टिकतो, त्यामुळे उन्हातून आलेल्या कॅनमध्ये आयपीएची नाकाची बाजू लंगडी पडून घशाची तेवढी शिल्लक राहते. दुसरे असे की, लागरच्या सवयीने ती बर्फासारखी गार करून प्यायली असल्यास सुगंध आणखी दबला असणार. फ्रीजमधून काढून दहा-पंधरा मिनिटे थांबावे, साधारण ८ ते १० अंशांवर प्यावी. आपल्याकडच्या मे महिन्यात पाचच मिनिटे पुरतील.

एक जाता जाता. जिला आपण निखळ लागर म्हणतो, तिचे यीस्टही दोन जातींचा संकरच आहे. त्यातला थंडी सोसणारा पूर्वज पॅटागोनियाच्या जंगलात सापडल्याचे २०११ साली प्रसिद्ध झाले.

नांदेडकर
गहू आणि हॉप्स यांची सोयरीक जुळू शकते, याला दाखला आहे. २००७ मध्ये बव्हेरियाच्या श्नायडर आणि अमेरिकेच्या ब्रुकलिन या ब्रुअऱ्यांनी मिळून गव्हाच्या बिअरला हॉप्सची जोड दिली होती. यीस्टची लवंग तिथेही होतीच. म्हणून मला लातूरकरांचे ‘फसतो’ जरा कठोर वाटते.

वाळूजकर
सर्वांचे आभार. भाच्याला विचारले, तर कॅन भर दुपारी गाडीच्या डिकीतून आले होते, आणि मी ते वर आणखी फ्रीजरमध्ये ठेवले. आज धणे ठेचून दुसरा कॅन सावकाश उघडला. धणे वजा केल्यावर पपनस काही सापडले नाही, राळेचा वास तेवढा अंधुक आला. लवंग मात्र थोडी कमी टोचली. पण हाही कॅन त्याच डिकीतला असल्यामुळे शैलीबद्दलचे मत भाचा पुढच्या खेपेला बर्फाच्या पेटीतून आणेपर्यंत राखून ठेवतो.