मदत हवी आहे : भूमिगत कोळसा खाणीतल्या मिथेनचा अंदाज कसा काढावा?

नमस्कार मंडळी. मी रत्नागिरीचा. जयगडला जहाजाने कोळसा उतरतो, तो आम्ही रोज बघतो; पण खाण कधी आत जाऊन पाहिलेली नाही. कॉलेजच्या मुलांसोबत हिशेब मांडतोय: कोळसा जळण्याआधी, नुसता जमिनीखालून काढताना किती मिथेन सुटतो? हा भाग चर्चेत येतच नाही, म्हणून तो नीट व्हावा असं मनापासून वाटतं.

आयपीसीसीच्या (हवामान बदलावरच्या आंतरराष्ट्रीय समितीच्या) २००६ च्या मार्गदर्शिकेत भूमिगत खाणीसाठी टनामागे १०, १८ आणि २५ घनमीटर असे तीन गुणांक आहेत. खाण २०० मीटरपेक्षा उथळ असेल तर कमी, ४०० पेक्षा खोल असेल तर जास्त. १० लाख टनांना १८ ने गुणून, घनमीटरला ०.६७ किलो धरलं की सुमारे १२,०६० टन मिथेन येतो.

अडलंय ते पुढे. आपल्याकडे खाणींचे वायूनुसार तीन वर्ग आहेत आणि पहिल्या वर्गात टनामागे १ घनमीटरपेक्षा जास्त वायू नसतो. मग अशा खाणीला १० चा गुणांक लावला तर आकडा दहापट फुगणार ना? मग वर्गाची मर्यादाच धरावी का? पण ती सुरक्षेसाठी ठरवलेली, उत्सर्जन मोजायला नव्हे.

चंद्रपूर, वणी, उमरेडकडे व्हेंटिलेशनचं काम केलेलं कुणी इथे आहे का? परतीच्या हवेतला (खाणीतून फिरून बाहेर पडणाऱ्या हवेतला) मिथेन किती वेळा मोजतात? एकाच दिवसाच्या मोजणीवरून वर्षाचा आकडा काढणं मला तरी पटत नाही. वर आलेल्या कोळशातून नंतर सुटणारा वायू वेगळा धरायचा, एवढं कळलंय.