ओअर सॉर्टिंग: दळण्याआधी दगड निवडायला खाणी का कचरतात?

दगडपारखी
खाणीतून निघालेल्या मालात धातू नसलेला दगड भरपूर असतो. तोही क्रशर (दगड फोडणारं यंत्र), बॉल मिल (लोखंडी गोळ्यांनी पूड करणारी गिरणी), फ्लोटेशन (फेसावर खनिज तरंगवून वेगळं काढणं) अशी सगळी वाट चालतो आणि शेवटी गाळ होऊन टेलिंग्जच्या धरणात पडतो. सेन्सरने दगड तपासून निकामी माल हवेच्या झोताने आधीच उडवणारी यंत्रं, म्हणजे सॉर्टर, आहेत, तरी ती मोजक्याच खाणींत दिसतात. हे मला पटत नाही.

हिशोब बघा. १,००० टन माल, तांबं १%, म्हणजे १० टन धातू. ३०% बारीक माल सॉर्टरला चालत नाही, तो थेट मिलला. उरलेल्या ७०० टनांतून ०.१५% प्रतीचा (म्हणजे तेवढंच तांबं असलेला) २८० टन माल काढून टाकला, तर त्याबरोबर ०.४२ टन तांबं गेलं. मिलला ७२० टन, प्रत १.३३%. धातू ४.२% गेला आणि दळण २८% वाचलं!

मिलवाला
फ्लोटेशनची वसुली, म्हणजे मालातला हाती येणारा धातू, ९०% धरा. सॉर्टर नसताना ९ टन तांबं हाती येतं, तुमच्या पद्धतीत ८.६२. वाचलेल्या विजेपेक्षा हे ०.३८ टन महाग पडले तर तोटाच. फायदा खरा तेव्हा, जेव्हा मिलमध्ये मोकळी झालेली जागा भरायला खाण ३९% जादा माल देईल. शाफ्टची (खाणीतून माल वर खेचणाऱ्या उभ्या विहिरीची) उचल आधीच पुरी वापरात असेल तर तो माल आणणार कुठून?

दगडपारखी
टाकलेल्या ०.१५% मालातून ९०% वसुली कधीच मिळाली नसती. तुमच्याच आकड्यांत टेलिंग्ज ०.१% च्या आसपास निघतात, म्हणजे त्या मालातून फार तर एक तृतीयांश तांबं सुटलं असतं, साधारण ०.१४ टन. आणि शाफ्टच अपुरा असेल तर सॉर्टर खाली, भूमिगत बसवा. वर येणारा प्रत्येक टन जास्त प्रतीचा होईल.

क्षकिरण
यंत्राला तांबं दिसतं असं दोघंही धरून चालला आहात. एक्सआरटी हा सेन्सर दोन ऊर्जापातळ्यांचे क्ष-किरण दगडातून आरपार पाठवतं, त्यातून जाडीचा परिणाम वजा होतो आणि उरते ती अणुघनता. पायराइट (तांबं नसलेलं लोहाचं सल्फाइड) आणि चाल्कोपायराइट (तांब्याचं खनिज) त्याला जवळजवळ सारखेच. टनामागे दोन-तीन ग्रॅम सोनं तर दिसतच नाही, सोबतच्या सल्फाइडवरून अंदाज बांधावा लागतो. सोनं सल्फाइडला सोडून क्वार्ट्झमध्ये असलं की चांगला माल कचऱ्यात. एक्सआरएफ, म्हणजे क्ष-किरण पाडून परत येणाऱ्या किरणांवरून मूलद्रव्यं ओळखणारा सेन्सर, फक्त पृष्ठभाग वाचतं, म्हणून चिकटलेली माती धुतल्याशिवाय त्याचा उपयोग नाही.

जिथे फरक ठळक, तिथे यंत्र लगेच रुजलं. ऑस्ट्रियातल्या मिटरसिलच्या टंगस्टन खाणीत शीलाइट हे टंगस्टनचं खनिज जड म्हणून चटकन वेगळा पडतो. बोत्स्वानातल्या कारोवे खाणीत २०१५ मध्ये १,१०९ कॅरटचा लेसेदी ला रोना हिरा एक्सआरटीनेच हाती लागला. दळणात गेला असता तर त्याचे आणखी तुकडे झाले असते.

मिलवाला
टंगस्टन आणि हिऱ्यांच्या खाणी लहान. तांब्याची मोठी मिल ताशी हजारो टन खाते. सॉर्टरला माल एका थरात, दगडांमध्ये अंतर ठेवून द्यावा लागतो. १० ते ३० मिमीच्या मालात एका यंत्राची मजल ताशी शंभर टनांच्याही आत. सर्वांत मोठा दगड सर्वांत लहान दगडाच्या सुमारे तिप्पटच चालतो, म्हणून प्रत्येक आकारगटाला वेगळी चाळणी, वेगळा फीडर, वेगळं यंत्र. कंप्रेसरची वीज निराळीच. भरणा वाढवला की दगड एकमेकांवर चढतात आणि झोत शेजारचा चांगला दगडही उडवतो. हवेचा झोत सोडणारं एखादं नोझल बुजलं की तेवढ्या पट्टीतला निकामी माल सरळ मिलकडे जातो. नोझलची चाचणी रोज ठरवून केली नाही तर प्रत घसरेपर्यंत कळत नाही.

दगडपारखी
नोझलचं मान्य. झोताने उडवायचा भाग कमी वजनाचा ठेवला तर हवा वाचते, एवढंच म्हणेन. ताशी हजारो टनांसाठी एकेक दगड न निवडता पट्ट्यावरचा अख्खा घाणा तपासून वळवता येतो, चाल्कोपायराइटसाठी चुंबकीय अनुनादाने किंवा न्यूट्रॉनच्या तपासणीने. पण त्यासाठी माल वेगवेगळा यायला हवा, आणि आपण काय करतो? मिलला सारखी प्रत हवी म्हणून चार बेंचचा (खाणीच्या पायऱ्यांचा) माल साठ्यावर मिसळतो. निवडीचा फायदा सेन्सरपर्यंत पोचण्याआधीच संपतो. मला खरी अडचण ही वाटते.

क्षकिरण
म्हणून यंत्राचा भाव विचारण्याआधी दगड विचारा. प्रत्येक खडकप्रकारातून १०० ते २०० दगड घ्या, एकेक स्कॅन करा, मग एकेक फोडून त्याची प्रत तपासा. किती वजन टाकलं की किती धातू जातो याचा आलेख काढा. रेष जवळपास सरळ आली, म्हणजे जितकं वजन टाकलं त्याच प्रमाणात धातूही गेला, तर तिथेच थांबा. चांगली वाकली तरच काही टनांची चाचणी करा. बारीक मालाची प्रतही त्याच वेळी काढा. ठिसूळ खनिज फुटून बारकात जातं, तेव्हा सॉर्टरपर्यंत धातू मुळातच कमी पोचतो.

मिलवाला
आणि ते दगड आजच्या एकाच बेंचचे नकोत. पाच वर्षांनी जो भाग काढायचा आहे, त्याचे ड्रिल कोअर (भोक पाडून काढलेले खडकाचे दंडगोल) फोडून त्यात घाला.