मायक्रोअरेमध्ये ९ हजार निघाले, बायोमार्कर कुठला धरू?

कोपरखैरणे_लोकल:
एमएस्सी बायोटेक, शेवटची सेम. नवीन मायक्रोअरे चिपला (एका दमात हजारो जीन्स किती चालू आहेत ते मोजते) पैसे नाहीत म्हणून जीईओवरून (इतरांचा डेटा खुला ठेवणारी साइट) जुना डेटा उतरवला, अ‍ॅफिमेट्रिक्स यू१३३ प्लस २.०, १२ पेशंट १२ नॉर्मल, टी-टेस्ट मारली तर पी ०.०५ च्या खाली (फरक नसताना योगायोगाने असं येण्याची शक्यता ५ टक्क्यांहून कमी) ९ हजार प्रोबसेट, म्हणजे चिपवरची जीन्सची मापं!! सर म्हणतात सोमवारपर्यंत यातून बायोमार्कर, म्हणजे आजार ओळखायची खूण, काढून आण. वरचे १० उचलले तर चालेल का?

तलावपाळी:
थांब जरा. त्या चिपवर ५४,६७५ प्रोबसेट असतात, पेशंट आणि नॉर्मलमध्ये काडीचा फरक नसला तरी २,७०० च्या आसपास नुसते योगायोगाने येणारच. बेंजामिनी-हॉकबर्ग लाव आधी, असे योगायोगवाले गाळायची दुरुस्ती.

कोपरखैरणे_लोकल:
लावलं, तरी ४ हजार उरले 😀 हीटमॅप (जीन कुठे जास्त, कुठे कमी ते रंगात) तर काय भारी, इकडे सगळं लाल तिकडे सगळं हिरवं, मधे पट्टीने रेघ मारल्यासारखी. सापडलं ना मग?

घणसोली_बेंच:
एवढं स्वच्छ दिसलं की मला धडकीच भरते, माणसांचे सॅम्पल इतके शिस्तीत वागत नाहीत रे. सीईएल फाइलच्या (चिपच्या स्कॅनची कच्ची फाइल) हेडरमध्ये स्कॅनची तारीख असते, ती बघ.

कोपरखैरणे_लोकल:
बघितलं. पेशंट सगळे मार्चमध्ये, नॉर्मल सगळे ऑगस्टमध्ये. ट्रान्सहार्बरमध्ये उभ्याउभ्या लॅपटॉप उघडला होता, रबाळे ते ठाणे तोंडातून शब्द नाही. कॉम्बॅट (वेगवेगळ्या दिवशी मोजल्याने पडलेला फरक काढणारं सॉफ्टवेअर) लावून सुटेल का?

घणसोली_बेंच:
नाही. वाशीकरांचे फोटो दुपारी काढले, ठाणेकरांचे रात्री, आता ठाणेकर सावळे की उजेड कमी हे कुठलं सॉफ्टवेअर सांगणार? लेबलिंग किटचा लॉट, आरएनए किती खराब झालाय, वॉश, स्कॅनर, सगळं त्या सिग्नलमध्ये मिसळतं. कॉम्बॅट कधी चालतं, तर दोन्ही दिवशी दोन्हीकडचे सॅम्पल असतील तेव्हा. तू लावशील तर तारखेबरोबर आजारही पुसला जाईल. दुसरा डेटासेट शोध, तारखा मिसळलेला. त्यात जे टिकेल ते क्यूपीसीआरवर (एकेक जीन वेगळं मोजायची पद्धत) तपास, तेही वेगळ्या पेशंटच्या सॅम्पलमध्ये.

तलावपाळी:
+१. ब्रेस्ट कॅन्सरची ती ७० जीन्सची टेस्ट, मॅमाप्रिंट, तिची यादी २००२ ला छापून आली, त्याच वर्षी २९५ जणींच्या ट्यूमरवर चालवून बघितली, तरी अमेरिकेच्या एफडीएची मंजुरी २००७ ला. आणि तुझ्या सरांना सोमवारी पाहिजे 😂

कोपरखैरणे_लोकल:
सरांना तारखांचा स्क्रीनशॉट आत्ताच पाठवू का समोर बसून सांगू?

घणसोली_बेंच:
समोर. आणि हीटमॅप आधी दाखवू नकोस, प्रेमात पडतील.