कुंपणाला मोगली एरंड आहे, काढून टाकू का?

गावच्या घराला पूर्वीपासून मोगली एरंडाचं कुंपण आहे, शेळ्या तोंड लावत नाहीत म्हणून सासऱ्यांनी लावलेलं. परवा माझ्या ५ वर्षांच्या मुलाने काळी बी फोडून आतला पांढरा गर तोंडात घातला, मी बघितलं म्हणून लगेच थुंकायला लावलं, नंतर काही त्रास झाला नाही पण माझी झोपच उडालीये. सासूबाई म्हणतात आम्ही त्याच्या चिकाचे फुगे उडवत मोठे झालो, काही होत नाही. कोपऱ्यात पिवळ्या फुलांची बिट्टी पण आहे. काय करू?

रानवाट: काढाच. आम्ही चौथीत असताना मधल्या सुट्टीत पाच-सहा जणांनी खाल्ल्या होत्या, शेंगदाण्यासारख्या लागतात ना, म्हणून पोरं थांबतच नाहीत. तासा-दोन तासात उलट्या, जुलाब, पोटात मुरडा, सगळ्यांना सलाईन लावावं लागलं. साध्या एरंडाच्या बोंडाला मऊ काटे असतात, याचं फळ गुळगुळीत, आधी हिरवं मग पिवळं मग काळं. पण साध्या एरंडाची बी पण विषारीच बरं का.

सिस्टरताई: मी नर्स आहे. बी पोटात गेलीच तर मिठाचं पाणी पाजून उलटी काढायला जाऊ नका प्लीज, त्याने अजून वाईट होतं. तोंड पुसून घ्या, उरलेली बी किंवा फांदी सोबत घ्या आणि सरळ दवाखान्यात, गाडी नसेल तर १०८. आणि मला तर बिट्टीची जास्त भीती वाटते, तिच्या बीचं विष हृदयावर जातं, ठोके मंदावतात, म्हणून मूल ठीक दिसलं तरी ईसीजी काढायला न्यायचंच.

मातीतला: तोडताना हातमोजे, पूर्ण बाह्या, आणि डोळ्याला चष्मा लावा. चीक डोळ्यात गेला तर १५-२० मिनिटं नुसत्या पाण्याने धुवा मग डॉक्टर. बिट्टीच्या फांद्या जाळू नका, धूरही वाईट. मोगली एरंडाची फांदी मातीत पडली की परत फुटते, म्हणून मुळासकट उपटा आणि खाली पडलेल्या बिया वेचून घ्या. त्याजागी अडुळसा लावा, त्यालाही शेळी तोंड लावत नाही.

प्रश्नकर्ती: खूप आभार सगळ्यांचे. सासूबाईंना वाचून दाखवलं, बिट्टीची फुलं महादेवाला लागतात म्हणून त्या अडल्या होत्या, आता तिथे पिवळी कोरांटी लावायचं ठरलंय. रविवारी गडी येतोय, तोवर मुलाला मागच्या अंगणात सोडत नाही.