अमेरिकन फुटबॉलमध्ये धाव (चेंडू हाती घेऊन धावणे) आणि पास (चेंडू पुढे फेकणे) यांचा समतोल नेमका कशावरून ठरवायचा?

चेसापीककाठी:
बाल्टिमोर रेव्हन्सचे सामने मी अनेक वर्षे नेमाने पाहत आलो आहे, पण 28 जानेवारी 2024 रोजी कॅन्सस सिटी चीफ्सविरुद्ध झालेला एएफसीचा (व्यावसायिक लीगच्या दोन गटांपैकी एकाचा) अंतिम सामना अजून मनातून जात नाही. त्या हंगामात धावून सर्वाधिक यार्ड मिळवणारा संघ आपलाच होता. तरीही त्या दिवशी रनिंग बॅकच्या (चेंडू घेऊन धावणाऱ्या खेळाडूच्या) हाती चेंडू अवघ्या 6 वेळा दिला गेला, आपला क्वार्टरबॅक (पास फेकणारा खेळाडू) लामार जॅक्सन याने 37 पास फेकले आणि आपण 17-10 असे हरलो. धाव आणि पास साधारण निम्मे-निम्मे असावेत, असे मला वाटते. जाणकारांचे मत काय आहे?

आकडेमोड:
निम्मे-निम्मे हे माप मला पटत नाही. जिंकलेल्या संघांच्या धावा जास्त दिसतात हे खरे, पण त्यामागचे कारण बहुधा उलटे असते: आघाडी मिळाल्यावर संघ धावू लागतो, कारण धावणारा खेळाडू मैदानाच्या आत पाडला गेला तर घड्याळ चालूच राहते, आणि अपुरा राहिलेला (कोणी न झेललेला) पास ते थांबवतो. मागे पडलेल्या संघाला अर्थातच पासच फेकावे लागतात. शिवाय रिसीव्हरला (पास झेलणाऱ्याला) 5 यार्डांपलीकडे अडवण्यास 1978 च्या नियमाने बंदी आली, तेव्हापासून पास अधिकच फायद्याचा झाला आहे. इंटरसेप्शन (पास प्रतिस्पर्ध्याने झेलणे) आणि सॅकचा (फेकण्याआधीच क्वार्टरबॅकला पाडले जाण्याचा) धोका धरूनही एका पासमागे मिळणारे यार्ड सरासरीने धावेपेक्षा जास्तच भरतात.

जुना प्रेक्षक:
आकडेमोड यांचे म्हणणे एरवी मान्य आहे, पण या सामन्याला ते लागू होत नाही. मध्यंतराला गुणफलक 17-7 होता आणि उत्तरार्धात चीफ्सना एकही गुण मिळाला नाही. म्हणजे रेव्हन्स 10 पेक्षा अधिक गुणांनी कधीच मागे नव्हते आणि घड्याळाने त्यांना पास फेकायला भाग पाडले, असे म्हणता येत नाही.

माझ्या मते समतोल मोजायचा तो चेंडू खेळात येण्यापूर्वी. पाच लाइनमन (पुढच्या रांगेत अडवणारे) आणि एक टाइट एंड (अडवणारा आणि पासही झेलणारा) असे सहा जण वाट मोकळी करणार असतील आणि समोर बॉक्समध्येही (चेंडूजवळच्या पट्ट्यातही) सहाच बचावपटू असतील, तर प्रत्येकाला अडवायला एक माणूस मिळतो; तेव्हा धावावे. दोन्ही सेफ्टी (सर्वांत मागे उभे राहणारे बचावपटू) खाली उतरून आठ जण झाले, तर दोघांना अडवायला कोणी उरत नाही, पण त्याच वेळी मागची जागा रिकामी होते, तेव्हा फेकावे. प्ले-अ‍ॅक्शन (धावेचा देखावा करून फेकलेला पास) नीट पाहा: क्वार्टरबॅक चेंडू रनिंग बॅकच्या पोटाशी नेतो, लाइनबॅकर (पुढच्या रांगेमागचा बचावपटू) दोन पावले पुढे येतो, आणि त्याने सोडलेल्या त्या दोन पावलांच्या जागेतच टाइट एंडला पास मिळतो.

हिरवा झेंडा:
याचे उत्तम उदाहरण म्हणजे फिलाडेल्फिया ईगल्स. 2024 च्या हंगामात त्यांचा रनिंग बॅक सेक्वान बार्कली याने 2005 यार्ड धावून काढले, म्हणून 9 फेब्रुवारी 2025 च्या सुपर बोलमध्ये (हंगामाच्या अंतिम सामन्यात) चीफ्सनी सगळे लक्ष त्याच्यावरच ठेवले आणि त्याला 25 वेळा धावूनही 57 यार्डांवर रोखलेही. पण त्याची किंमत त्यांनी दुसरीकडे मोजली: क्वार्टरबॅक जेलन हर्ट्सने 221 यार्डांचे पास दिले, स्वतः 72 यार्ड धावला आणि ईगल्स 40-22 असे जिंकले. जानेवारी 1974 मधल्या सुपर बोलमध्ये तर मायामीच्या बॉब ग्रीसीने फक्त 7 पास फेकले होते आणि लॅरी झोंकाने 145 यार्ड धावून सामना नेला. तिथे निम्म्याचा हट्ट धरला असता तर ती चूकच ठरली असती.

चेसापीककाठी:
सर्वांचे मनापासून आभार. 6 हा आकडा पाहून मी इतके दिवस हळहळत होतो. आता त्या सामन्याचा उत्तरार्ध पुन्हा लावून, प्रत्येक पासाआधी चीफ्सचे किती जण बॉक्समध्ये उभे होते, ते वहीत मांडून इथे लिहीन.